मागे उभे राहणारे वाक्य

सुज्ञ वाचकहो, एका टंकलेखकाची हकीकत आपणांसमोर सविनय ठेवीत आहे. प्रस्तुत लेखक त्यांच्याच कार्यालयात शिपाई होता. पुढील मजकूर बहुतांशी त्यांच्याच तोंडून ऐकलेला आहे.

सर्वजण त्यांना मास्तर म्हणत. इंग्रजीत भारदस्त वाक्य लिहावयाचे झाल्यास क्रियापद कर्त्याला मागे सारून पुढे येते, ही विद्या त्यांना जुन्या साहेबांनी दिली होती. 'मी कधीच रजा घेतली नाही' असे सरळ न लिहिता 'नेव्हर हॅव आय' अशी सुरुवात करावी. त्या वाक्यात 'मी' मागे उभा राहतो, हे मास्तरांना फार भावे. ते स्वतः जन्मभर तसेच उभे होते.

अशात बदलीचा हुकूम आला. शाखा दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि घरी पत्नीचे अर्धे अंग लुळे. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मास्तर तिची कूस बदलीत. कार्यालयात कोणास याचा थांगपत्ता नव्हता.

बदली रद्द व्हावी म्हणून त्यांनी चार दिवस खपून दोन पानी अर्ज टंकला. जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटे. पहिले पान कार्यालयाच्या उपकारांचे. पत्नी दुसऱ्या पानाच्या तळाशी.

नव्या साहेबांनी पहिले पान तेवढे वाचले.

"वा मास्तर! निरोपाचं पत्र असावं तर असं."

"नाही साहेब, ते जरा..."

"अहो, लाजता काय नव्या नवरीसारखे? बोर्डावर लावू आपण."

कोपऱ्यात त्यांनी 'आभार. नव्या जागी शुभेच्छा' असा शेरा मारला, आणि त्याच पेनाने मास्तरांना कार्यमुक्त करण्याच्या आदेशावर सही केली. मास्तरांनी अर्जाची कार्बन प्रत घडी करून खिशात घातली.

संध्याकाळी पत्नीने विचारले, "काय म्हणाले?"

"आवडलं त्यांना."

"वाचा की, मलाही कळू दे."

मास्तर अर्थ सांगत वाचू लागले. तिने बराच वेळ ऐकून घेतले.

"आणि मी कुठंय यात?"

त्यांनी शेवटची ओळ बोटाने दाखविली.

"इतक्या मागं बसवलंत होय मला," ती म्हणाली. "बरं, आता वळवा. खांदा अवघडलाय."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साहेबांकडे नेण्यास एक कागद माझ्या हाती दिला. दोनच ओळी, दोन्ही सरळ. पत्नीस स्वतःहून कूस बदलता येत नाही. मी नोकरी सोडीत आहे.

माझे इंग्रजी बेताचेच, तरी मला वाचता आले. दुसऱ्या ओळीच्या अगदी आरंभी 'आय' उभा होता.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
त्याच कार्यालयाचा माजी शिपाई