आप्पा बाईकवरून गेले

सकाळी दहाला ऋतिका अंघोळ करून बाहेर आली, तर व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. फाटकाजवळची सायकलही नव्हती. तिचे सासरे भावकूआप्पा अडुसष्ट वर्षांचे. गुंजी गावची शेती धाकट्या भावावर सोपवून शहरात खासबागेत मुलाकडे आले, त्याला दोन वर्षं झाली होती. दिवाळीपासून त्यांना घरची माणसंसुद्धा आठवेनाशी झाली होती.

गल्ली, बाजार, देऊळ, सगळीकडे धावून ती परतली. नवरा आदर्श निपाणीला बँकेत नोकरीला. तिनं फोन केला, "अहो, आप्पा घरात न्हाईत!"

"मी निघतोच. तू तोवर ग्रुपवर टाक."

मोबाईलवरच्या त्या जिल्हाभरच्या ग्रुपवर मराठी, कन्नड, हिंदी अशी सगळी माणसं, म्हणून तिनं इंग्रजीत लिहायला घेतलं. आधी 'सायकल' लिहिलं आणि पुसलं. शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवताना हाच शब्द ती पोरांना खोडायला लावायची. सायकल म्हणजे फेरा, वाहनाला बायसिकल नाहीतर बाईक म्हणा. बायसिकलचं स्पेलिंग ऐनवेळी सुचेना. तिनं 'बाईक' लिहिलं, आप्पांचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

बाराच्या सुमारास ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. बोरगावच्या पेट्रोल पंपावर मोटारसायकलीवर बसलेला पाठमोरा म्हातारा, पांढरा सदरा. ऋतिका तेव्हा बस स्टँडवर लोकांना विचारत फिरत होती, तिनं तो पाहिलाच नाही. आदर्शनं पाहिला. मित्राची कार घेऊन तो घराकडे येताना संकेश्वरपर्यंत पोचला होता, तिथूनच उलटा बोरगावला फिरला.

दीडला त्याचा फोन आला. आवाज पार बसला होता. "ह्यो दुसराच माणूस हाय गं. गाडीबी आपली न्हाय."

"कसली गाडी?"

"आप्पांनी नेलेली. तूच लिवलंस न्हवं, बाईक म्हणून?"

आदर्शची मोटारसायकल मागच्या अंगणात होती, तशीच झाकलेली. "अहो, आप्पा सायकलवरनं गेलेत," ती कशीबशी म्हणाली.

तिनं फोन ठेवला आणि लगेच ग्रुप उघडला.

तिनं पुन्हा लिहिलं. मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, तिन्हीकडे एकच शब्द: सायकल. पायडल मारायची. पाच मिनिटांत फोन वाजला.

"मी गुणाबाई. खानापूरच्या अलीकडं उसाच्या रसाचा गाडा हाय माझा. तुमचं आजोबा साडेअकराला हितं आलतं. पाणी मागितलं. गुंजीला जातो म्हणालं. माझी लेक म्हणाली, फोटोतलंच दिसत्यात. पर तिथं बाईक लिवलंय आणि ह्यांच्याकडं तर सायकल. म्हणून जाऊ दिलं बघा."

शेजारच्या श्रीनाथ वकिलांनी कार काढली. खानापूर मागं पडलं, झाडी सुरू झाली. एप्रिलचं ऊन काचेतून भाजत होतं. ऋतिका दोन्ही बाजूंच्या चरांत बघत होती आणि तोंडानं नुसतं "आप्पा, आप्पा" म्हणत होती. रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीजवळ चेन निसटलेली सायकल आडवी दिसली. आप्पा खाली चरात पडले होते. ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं हाका मारल्या, पण डोळे उघडले नाहीत.

खानापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं. "दोन तास आधी आणायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले.

आदर्श संध्याकाळी पोचला. तो बाकावर तिच्याशेजारी बसला. "मीच इचारायला पाहिजे होतं, कुठली गाडी म्हणून," तो म्हणाला. ऋतिकानं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. पटलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आप्पांनी दोन चमचे पेज घेतली. आप्पा वाचले. पण त्यांच्या पायांतलं बळ गेलं ते गेलंच.