पांघरुणाची घडी

“दोर ताणला की त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचं. रोज टाकायचं. तुटला तर पोतं त्याला जमिनीवर लोळवतं. नाही टाकलंस, तर दोर माणूस शोधत येतो. आणि दोर गायला लागला ना, की तोंड उघडायचं आणि ओरडायचं. बाकीचं सगळं मग.”

दगडखाणीतल्या मिस्त्रींना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी सगळे ज्याला पोत्या म्हणत, त्या म्हाताऱ्याला त्यांचा आवाज कानाशी बोलल्यासारखा ऐकू आला. समोर गोठलेला ओढा होता आणि ड्रायव्हरची गाडी मागच्या दोन्ही चाकांनी त्या बर्फात रुतून बसली होती. वारा असा मारत होता की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत थिजत होतं.

पोत्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खाणीत चौतीस वर्षं तो विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर होता. दगड ओढणाऱ्या तारेच्या दोरावर पोतं टाकल्याशिवाय त्याने एकदाही खटका दाबला नाही. कुणी रोज न चुकता देवापुढे बसावं, तसा त्याचा हा नेम. लोक हसायचे. मग एकदा शेजारच्या खाणीत दोर तुटला आणि उभ्या माणसाचे पाय गुडघ्याखाली कापून गेला. माणूस चार हात लांब पडला, बूट मात्र जागच्या जागी उभेच राहिले. ते बूट पोत्याने पाहिले होते. त्यानंतर हसणं थांबलं, नाव तेवढं चिकटलं.

ड्रायव्हर, कंपाउंडर आणि तो, तिघेही एका गल्लीत वाढलेले. ड्रायव्हरने निवृत्त झाल्यावर एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली, तिच्यात फळ्यांचे पलंग ठोकले, शेगडी बसवली, पुढे विंच लावली. “आडवं पडायची सोय आधीपासूनच होती,” असं कंपाउंडर म्हणायचा. चार दिवस झाले होते निघून. रस्ता कधीच मागे संपला होता. बर्फ, काळी झाडं आणि हे तीन म्हातारे.

निघताना वहिनींनी, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोने, एक जाड लोकरी पांघरूण पोत्याच्या हातात दिलं होतं. दोन हिवाळे बसून त्यांनी ते विणलं होतं. “भाऊजी, तुमच्या भरवशावर देतेय हं. ह्यांचं काही खरं नाही. पांघरूणही धड परत आणा आणि ह्यांनाही.”

“आणतो,” पोत्या म्हणाला होता.

पोतं त्याने घरून आणलं होतंच. पण दुसऱ्या दिवशी चढावर चाकं घसरली, तेव्हा ड्रायव्हरने त्याला न विचारता ते चाकाखाली घातलं, गाडीतली पायपुसणीही घातली. सगळ्याच्या चिंध्या झाल्या. आता टाकण्यासारखं जड एकच उरलं होतं.

“पांघरूण काढतो,” पोत्या म्हणाला.

“कशाला?” ड्रायव्हर झाडाला आकडा अडकवून परत येत होता.

“दोरावर टाकायला.”

“डोकं फिरलंय का तुझं? भिजलं तर ह्या थंडीत झोपायचं कशात? आणि तेलाचा डाग पडला ना, तर ती जीव घेईल माझा.”

“दोराच्या तारा सुटल्यात. सकाळी दोन होत्या, आता पाच.”

“सुटू देत. खालून बर्फ तडकतोय, तो ऐक आधी. ऊन गेलं की इथेच तिघांचे दगड होतील.”

पोत्या वळला. गाडीत चढला, पलंगावरचं पांघरूण ओढलं आणि खाली उतरला. ड्रायव्हरने दुसरं टोक धरलं. साठीचे दोन बाप्ये दोन टोकांना धरून ओढू लागले.

“अरे, लहान आहात का?” कंपाउंडर ओरडला.

ड्रायव्हरने टोक सोडलं आणि उघड्या पंजाने पोत्याच्या तोंडात मारली. ओठ दातावर फुटला. बर्फावर लाल थेंब पडले. पोत्याने मूठ त्याच्या बरगडीत घातली. ड्रायव्हर ‘हंक’ करून वाकला आणि तसाच त्याच्या अंगावर कोसळला. दोघे बर्फावर लोळले. गुडघे, कोपर, नखं, जे लागेल त्याने एकमेकांना मारत राहिले. ड्रायव्हरने त्याचं डोकं दोनदा बर्फावर आपटलं. कंपाउंडरने शेवटी दोघांच्या पाठीत लाथा घातल्या, तेव्हा ते सुटे झाले.

“माझी गाडी! माझा दोर! माझ्या बायकोचं पांघरूण!” ड्रायव्हर धापा टाकत होता. “चौतीस वर्षं एक खटका दाबलास तू, दुसरं काय केलंस? मी रोज पन्नास माणसं घाटातून नेली-आणली. मला शिकवतोस?”

पोत्याने रक्त थुंकलं. चौतीस वर्षं एक खटका. गालापेक्षा ते जास्त झोंबलं.

“ओढ मग,” तो म्हणाला.

पांघरूण त्याने गाडीच्या पायरीवर टाकलं, कंपाउंडरची कॉलर धरून त्याला आपल्यामागे एका जाड खोडाआड घेतलं. ड्रायव्हर हातात वायरचं बटण घेऊन गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी उभा राहिला. दोराच्या अगदी कडेला. तिथे उभं राहायचं नसतं, हे पोत्या झोपेतही सांगू शकला असता.

विंच कण्हली. गाडी हलली, एक वीत पुढे आली. ड्रायव्हरने वळून दात काढले, “बघ!” असं म्हणाला. मग मागचं चाक कशाला तरी अडलं आणि दोर गायला लागला.

बारीक आवाज होता तो, भांड्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यासारखा. कंपाउंडरला तो ऐकूही आला नसेल. पोत्याला पोटात ऐकू आला. तोंड उघडलं, फुटलेला ओठ ठणकला आणि मनात आलं, घाबरू दे त्याला जरा.

एक श्वास. तेवढाच.

“सरक!” तो ओरडला.

दोर तुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. वाटेतली फांदी मनगटाएवढी जाड होती, ती उडून गेली, आणि तीच तार ड्रायव्हरला मांड्यांवर लागून गाडीच्या पत्र्यात घुसली. ड्रायव्हर ओरडला नाही. आपल्याच पायांकडे चकित होऊन बघत खाली बसला. एक पाय त्याच्यासोबत बसला, दुसरा भलत्याच दिशेला वळला. रक्त ठोके देत बाहेर येत होतं आणि त्याची वाफ होत होती.

पोत्याने कमरेचा पट्टा काढून मांडीच्या मुळाशी आवळला. कंपाउंडरने दुसऱ्या पायाला मफलर बांधला. आयुष्यभर औषधाच्या पुड्या बांधलेले हात ते, गाठ दोनदा सुटली.

“जंगलखात्याची चौकी ओढ्याच्या खाली आहे,” पोत्या म्हणाला. “पळ. पडलास तर रांग.”

कंपाउंडर पळाला.

पोत्याने पांघरूण आणून ड्रायव्हरला गुंडाळलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका हाताने पट्टा पिळून धरला. हाताची बोटं काळीनिळी पडली, तरी सोडला नाही. वारा दोघांनाही फटके मारत होता.

“पोत्या.”

“गप्प पड.”

“पांघरूण गेलं की रे. आता ती खरंच जीव घेणार.”

“नवीन विणतील.”

“तिला तू सांग. फोनवर नको, ती घरात एकटी असते. समोर बसून सांग.”

“तूच सांगशील.”

“सांगतोस का?”

“सांगतो.”

“सगळं सांग. थपडेसकट. म्हणजे ती मला शिव्या देईल.” त्याला हसायचं होतं बहुतेक. “शिव्या देताना ती रडत नाही.”

पोत्याला सांगायचं होतं, मी दोर ऐकला होता रे, तुझ्या आधी ऐकला होता. तोंडापर्यंत आलंही. पण मांडीवरच्या माणसाने त्याच्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं, की त्याने फक्त पट्टा आणखी पिळला.

झाडांचे शेंडे अजून उजेडात होते तेव्हा चौकीची माणसं आली. पोत्या पट्टा धरूनच बसला होता. त्यांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली. “आजोबा, सोडा आता,” त्यांतला एक जण हळूच म्हणाला. “गेलेत ते.”

चौकीच्या खोलीत एक शेगडी, एक बाक आणि भिंतीवर एक घड्याळ होतं. चौकीदाराने कागदावर लिहिलं, दोर जुना असल्याने तुटला. देहाला खाली न्यायला दुपारी ट्रॅक्टर येणार होता. लाकडाचा ट्रक मात्र उजाडताच गावाकडे निघणार होता.

“फोन करू या,” पहाटे कंपाउंडर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

“नाही.”

“बरं, जा तू. थपडेचंही सांग हवं तर. पण ते दुसरं...” रात्री पोत्याने त्याला सगळं सांगितलं होतं. “तू आधी ऐकलास ते कुणी पाहिलंय? मी तुझ्या मागेच होतो, मला नाही कळलं. वहिनींना आता आपल्याशिवाय कोण आहे? ते सांगितलंस तर पुन्हा दार उघडणार नाहीत त्या तुला.”

“नाही उघडणार.”

“मग?”

“सगळं सांग म्हणाला तो.”

“त्याला कुठे माहीत होतं सगळं म्हणजे काय ते!”

पोत्या उठून पांघरुणाकडे गेला. चौकीच्या नळावर त्याने ते रात्रीच दोनदा धुतलं होतं आणि शेगडीशी टांगून वाळवलं होतं. मधोमध मोठा तपकिरी डाग राहिलाच होता. बाकावर पसरून तो घडी घालू लागला, कडा जुळवून, हाताने सुरकुती काढत, डाग आत राहील अशी. अर्ध्यात थांबला. घडी उलगडली. डाग वर ठेवून पुन्हा घातली.

बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं. पोत्याने पांघरूण छातीशी धरलं, दारात वाकून बुटांचे बंद घट्ट बांधले आणि तो बाहेर पडला.