बियांचे पाढे

या, जवळ सरकून बसा. शेख पैगंबरांचं स्तवन गायला बसतील, त्याला वेळ आहे. तोवर तफीदाअब्लाची गोष्ट ऐका. गायची नाही ही, पण ऐकताना मन तसंच भरून येईल.

मी शाळेत चहापाणी बघायची, तेव्हाची. तफीदा तिसरीला शिकवायची, म्हणून सगळे तिला अब्ला, म्हणजे बाई म्हणायचे. तिने खजुराच्या बिया धुऊन, वाळवून पिशव्या भरून ठेवल्या होत्या. मुलं अंगणाच्या मातीत खळगे करून समोरासमोर बसायची. एकाने हाक द्यायची, "सात खळगे, एकेकात चार!" दुसऱ्याने झटकन उत्तर द्यायचं, मग बिया टाकून पडताळायचं. बरोबर आलं तर बिया त्याच्या.

"सात चोक अठ्ठावीस!" हनिया किंचाळायची. पाढा म्हटला की हीच पोर पूर्वी रडायची.

"हळू गं बये! गल्लीतली गाढवं बिथरतील," तफीदा हसायची.

शेजारचा वर्ग रातिबाकडे. ती तफीदाची दूधबहीण. तफीदाच्या आईनं दोघींना एकाच पदराखाली पाजलेलं. रातिबाने बिया मागून नेल्या, आपल्या कपाटात ठेवल्या आणि आपल्याही वर्गात खेळ मांडला.

मग एके दिवशी वर्गातल्या एका पोराचा बाप, अबू देयफ, तणतणत आला.

"अब्ला, कॉफीखान्यात हाच खेळ खेळून माझ्या भावानं म्हैस घालवली. आता पोरालाही जुगार शिकवताय?"

"इथं कोणी काही लावत नाही, हाजी. असल्याच बियांवर माझी आई अल्लाचं नाव मोजायची."

"आईचं सोडा. पोरगा घरी येऊन म्हणतो, जिंकलो! जिंकला म्हणजे काय?"

त्याने वरपर्यंत तक्रार नेली. तपासनीस येणार म्हटल्यावर तफीदाच्या तोंडचं पाणी पळालं. "माझा वर्ग काढून घेतील गं," ती म्हणाली.

रातिबाने तिची हनुवटी धरली. "वेडी का तू? माझ्याही वर्गात चालतो म्हणून सांगेन. दोघींना कुठं हलवतील?"

तपासनीस आले. मी चहा घेऊन दारातच उभी होते.

"हा प्रकार आणखी कुणाच्या वर्गात चालतो?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापिकेची जागा तेव्हा रिकामी व्हायची होती. रातिबाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "नाही साहेब, हे हिचंच खूळ. मी किती समजावलं, पण ऐकेल तर शपथ."

रातिबाच्या कपाटाकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. ते तफीदाने केलं नाही.

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मुलांना पाढे विचारा, साहेब."

त्यांनी विचारले नाहीत.

वर्ग रातिबाकडे गेला. तफीदा कोठारात बसून खाऊची बिस्किटं वाटू लागली. पुढे रातिबा मुख्याध्यापिका झाली आणि ईदला काहकांचं, साखर भुरभुरलेल्या ईदच्या नानकटाईंचं ताट घेऊन तफीदाच्या घरी आली. मीही तिथंच होते.

"अजून रुसलीस होय गं? त्या वेळी मला दुसरं काय सुचणार? आणि खेळ मी मोडला नाही हं. दार लावून खेळतात पोरं. हनिया तर बाराच्या पाढ्यावर गेली."

तफीदाचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने हळूच विचारलं, "आता तर तूच मोठी बाई आहेस. मग दार का लावतेस?"

रातिबा चहा न घेताच उठली.

आमच्या गावात कुणाकडून आलेलं ताट रिकामं परत जात नाही. काही नसलं तर मूठभर मसूर तरी घालतात. तफीदाने काहक गल्लीतल्या पोरांना वाटले, ताट घासलं, पदराने कोरडं केलं आणि रातिबाच्या उंबऱ्यावर तसंच ठेवलं. दार वाजवलं नाही.

तफीदा गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. आज स्तवन संपल्यावर दुव्यासाठी हात उचलाल, तेव्हा आपल्या माणसांबरोबर तिचंही नाव घ्या.