बेचाळीस पायऱ्यांचा कठडा

वरच्या गल्लीतून खालच्या रस्त्यावर उतरायला बेचाळीस पायऱ्या, आणि धरायला म्हणाल तर फक्त हवा. सुतारानं नगरपालिकेत तीन अर्ज दिले. तिसऱ्याचं उत्तर यायच्या आत त्याची आत्या तिथं घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हा त्यानं दोन रविवार खपून लाकडी कठडा उभा केला.

आता मात्र उत्तर आलं, तेही आठवड्याच्या आत! बांधकाम विनापरवाना आहे, सात दिवसांत काढा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" आत्या कडाडली. "काढू नकोस रे. बघू काय करतात."

"नाही कसा काढणार, आत्या? पायऱ्या त्यांच्या, तर कठडाही त्यांचाच हवा. त्यांचं काम त्यांना परत देऊन येतो."

कचेरीत कारकुनानं चष्म्यावरून नोटीस पाहिली. "आधी काढा. मग नवा अर्ज करा. मंजूर झाला की आम्ही लावू."

"मधल्या काळात कुणी पडलं तर जबाबदार कोण, तेवढं लिहून द्या. आजच काढतो."

"असं लिहून देतात होय?"

"मग बसतो मी."

बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी कारकुनाच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून दिला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला. चौथ्या दिवशी साहेबच वैतागले. "चला, दाखवा एकदाची जागा!"

पायऱ्यांच्या तोंडाशी आत्या हात गळ्यात बांधून उभी होती. साहेबांनी कठडा धरायला हात पुढे केला तशी म्हणाली, "अहो, शिवू नका! विनापरवाना आहे तो."

साहेब हसले, हात खिशात घालून उतरू लागले. निम्म्यावर झिजलेल्या दगडावरून पाय सटकला, आणि साहेबांनी दोन्ही हातांनी कठड्याला मिठीच मारली. सुतारानं धावत जाऊन त्यांना सावरलं. देवानं हात दिलेत ते त्याचसाठी. तिथं भांडण आठवत नाही.

"लागलं का कुठं?"

"नाही, नाही."

"साहेब, कर आम्ही भरतो, कायदा आम्ही पाळतो. आमच्या पायाखालचं तुम्ही बघायचं, एवढाच तर आपला करार. तो मी मोडणार नाही, आणि तुमच्या वाटचा निभावतही बसणार नाही."

साहेब तिथंच पायरीवर टेकले. नोटिशीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं : लोखंडी कठडा बसेपर्यंत हा राहू द्यावा.

"बसणार कधी?"

"लवकरच."

"लवकर ही तारीख कुठल्या महिन्यात येते?"

वरून आत्या खुदकन हसली. साहेबांनी तारीख घातली. सुतारानं एकेक अक्षर ओठ हलवत वाचलं.

"तुमचा बसला की हा मी स्वतः उपटीन. नाही बसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर आहेच. आता खाली सही करा."