एकेचाळीस हरकती

पालिकेच्या कचेरीबाहेर जिन्याखाली माझं टेबल आहे. अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. लोक येऊन गाऱ्हाणं सांगतात, मी ते कचेरीला कळेल अशा भाषेत लिहितो. आठ दिवस नळाला थेंब नाही असं कोणी म्हणालं की मी लिहितो, 'पाणीपुरवठा अनियमित असल्याबाबत'. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. कुठला कागद कुठल्या खिडकीवर घेतात आणि कुठला तोंडावर परत येतो, हे मला आतल्या लोकांपेक्षा जास्त कळतं, असं मला वाटायचं.

अडीच वर्षांपूर्वी पालिकेने आरोग्य कर लावायचं ठरवलं. घरपट्टी आणि दुकानांची पट्टी थोडी वाढणार आणि तो पैसा फक्त सरकारी दवाखान्यावर खर्च होणार. आमच्या पालिकेत नवा कर लावायचा तर आधी नोटीस निघते, मग तीस दिवस हरकती घेतात. पाचशेच्या वर हरकती आल्या की प्रस्ताव फेरविचाराला जातो. फेरविचाराला गेलेला कागद सहा महिने तरी वर येत नाही. बहुतेक येतच नाही.

त्या वेळी व्यापारी संघाने हरकती माझ्याकडूनच लिहून घेतल्या. मी एक नमुना केला, फक्त नाव-पत्ता बदलायचा. नऊशे कागद निघाले. बायकोने घरी बसून त्यांना टाचण्या लावल्या.

"नऊशे माणसांत एकालाही आजार होत नाही वाटतं," ती म्हणाली.

"होतो. ते खासगीत जातात."

"आणि आपण?"

"आपल्याला काय झालंय?"

तेव्हा काही झालेलं नव्हतं. म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं.

कर बारगळला. आठ महिन्यांनी तिच्या पायांना सूज आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल. आमच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची दोन मशीनं आहेत. एक चालतं. दुसरं चादरीखाली झाकून ठेवलंय. चालणाऱ्या मशीनच्या यादीत तिचा नंबर चौतिसावा लागला. यादी पुढे सरकते ती फक्त यादीतलं कोणी गेलं की, त्यामुळे नंबर कुठपर्यंत आला हे विचारायचीही लाज वाटते.

म्हणून आम्ही मोठ्या शहरात जायचो. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे पाचची गाडी, जायला तीन तास, मशीनवर चार तास, यायला तीन तास. गाडीत सगळे डायलिसिसचेच पेशंट असायचे. पुढच्या सीटवर शिवणकाम करणारी एक बाई बसायची, पस्तिशीची. ती आणि माझी बायको वाटभर बोलायच्या. आजाराबद्दल नाही, ब्लाउजच्या गळ्यांबद्दल. चौदा महिने असे गेले.

एका गुरुवारी गाडीचा क्लच गेला. दुसरी गाडी दुपारी मिळाली. पोचलो तोवर आमची वेळ दुसऱ्याला दिली होती. शनिवारी या म्हणाले. शनिवारी मी तिला उठवायला गेलो, ती उठली नाही.

कर लागला असता तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. कदाचित नवं मशीन येऊन तेही चादरीखाली गेलं असतं. पण ते नऊशे कागद मी काढले होते, हे खरं आहे. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

ती गेल्यावर पाच महिन्यांनी तोच प्रस्ताव पुन्हा आला. नोटीस लागली त्याच दिवशी मेहुणा टेबलापाशी आला. तिचा धाकटा भाऊ. त्याचं खिळे-रंगांचं दुकान आहे. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, एक हरकत टाइप करून द्या."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"असं बघू नका. ती माझी बहीण होती. मलाही कळतं."

"मग?"

"मग काय? रस्त्याचा कर भरला, रस्ता दिसला का? दिव्यांचा कर भरतो आणि बॅटरी घेऊन घरी जातो. दुधाने तोंड पोळलंय आमचं. दवाखान्याच्या नावाने घेतील आणि साहेबांच्या केबिनला काच बसवतील."

"आणि मशीन?"

"मशीन आहे की दुसरं. ते दुरुस्त का नाही करत? त्याला नवा कर कशाला लागतो?"

"त्याच्या सुट्या भागाला पैसे नाहीत म्हणतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आडात आहे हो. पोहरा फुटका आहे," तो म्हणाला. "फुटक्या पोहऱ्यासाठी मी आणखी पाणी ओतू? वर्षभरात माझ्या रांगेतली चार दुकानं बंद झाली. पाचवं माझं असेल."

त्याचं खोटं नव्हतं. पण हरकत लिहून द्यायला माझा हात चालेना. "दुसरीकडून घे," म्हणालो. तो रागावला नाही. "ताईने टाइप करून दिली असती," एवढंच म्हणाला आणि उठला. तेही खरं असेल.

त्या दुपारी मी स्वतःसाठी पहिल्यांदा अर्ज लिहिला. विषय लिहिला, 'आरोग्य करास पाठिंबा दर्शविण्याबाबत'. खिडकीवरच्या बाई मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी वाचला आणि परत दिला.

"हा नाही घेता येणार, काका."

"का?"

"माझ्याकडे रजिस्टर हरकतींचं आहे. पाठिंब्याचं नाही."

"मग ज्याला कर हवाय त्याने काय करायचं?"

"गप्प बसायचं. गप्प बसला म्हणजे पाठिंबाच धरतात."

"मी गप्प बसलोय हे कळणार कसं?"

त्या हसल्या. "काका, तुम्हीच असे प्रश्न विचारायला लागलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

मी टेबलावर येऊन बसलो. अठ्ठावीस वर्षांत मी असे कितीतरी कागद आत घातले आहेत. खिडकी फक्त विषय बघते. जो विषय घेतात तो वर लिहायचा आणि हवं ते आत लिहायचं. आमच्या धंद्यातली ही पहिली शिकवण. झाड तोडायची परवानगी मिळत नसेल तर 'धोकादायक फांदीबाबत' लिहायचं. मी नवा कागद घेतला आणि विषय लिहिला, 'हरकत: आरोग्य कर लावण्यास झालेल्या विलंबाबाबत'. आत लिहिलं की हा कर दोन वर्षांपूर्वीच लागायला हवा होता, तो लागला नाही यास माझी हरकत आहे, तरी तो त्वरित लावावा. बायकोचा नंबर चौतिसावा होता तेही लिहिलं.

बाईंनी विषय वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला. "तुमच्या डोक्याला मानलं, काका."

मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

मी शिवणकामवालीकडे गेलो. ती शिलाई मशीन चालवतच बोलते. तिने कागद वाचला, पाय थांबवला. "असा मलाही द्या. आणि गाडीतल्या सगळ्यांना." यादीत तिचा नंबर एकोणिसावा होता. सोमवारी आणि गुरुवारी गाडीत, बाकीच्या दिवशी घरोघर, तिने सह्या गोळा केल्या. कोणाच्या हाताला पट्टी होती, त्याने डाव्या हाताने सही केली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हरकत कशाला? आपल्याला तर हवाय ना?" ती म्हणाली, "बाबा, कचेरीची भाषा उलटी असते, काकांना कळते." माझ्यासकट एकेचाळीस कागद झाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी ते सगळे खिडकीत दिले. एकही परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सुनावणी होती. पंख्याखालच्या खुर्च्या व्यापाऱ्यांनी धरल्या होत्या, मेहुणा त्यांच्यात होता. शिवणकामवाली माझ्या शेजारी बसली. अधिकाऱ्याने चष्मा पुसला आणि वाचलं, "मुदतीत प्राप्त हरकती, पाचशे सव्वीस. संख्या पाचशेहून अधिक असल्याने प्रस्ताव फेरविचारार्थ पाठवण्यात येत आहे."

व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात वजाबाकी झाली तेव्हा मी उभा होतो.

"साहेब, त्यातल्या एकेचाळीस कराच्या बाजूने आहेत."

त्याने रजिस्टरची पानं उलटली. "विषय काय लिहिलाय?"

"हरकत. पण आत वाचा."

"आतला मजकूर फेरविचाराच्या टप्प्यावर वाचतात. आत्ता फक्त नोंद बघतात."

"पण या वजा केल्या तर चारशे पंच्याऐंशी होतात. मग फेरविचार लागतच नाही."

"असेल," तो म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता.

"मग आम्ही मागे घेतो."

"हरकत मागे घ्यायला मुदतीतच अर्ज लागतो. मुदत काल संपली."

मेहुणा उठला. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. तो म्हणाला, "साहेब, हे माझे मेहुणे आहेत. ते खरं बोलतायत. यांची बायको, माझी बहीण, याच आजाराने गेली. हे विरोधात कसे असतील?"

"तुम्हाला तुमची हरकत मागे घ्यायची आहे का?"

"नाही. माझी आहे तिथे राहू दे. यांची काढा."

मागून कोणीतरी हसलं. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं. "तुम्हाला हे लेखी देता येईल," तो मला म्हणाला. मी तीन-चार वेळा मान हलवली. लेखी कोणत्या विषयाखाली द्यायचं, हे मला सुचत नव्हतं.

बाहेर आल्यावर शिवणकामवाली पायरीवर बसली. उभं राहून तिला धाप लागते. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी पाठिंब्याचा कागद फाडून गप्प बसलो असतो तर..."

"म्हणजे आता सहा महिने?"

"निदान."

तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "लोकांना सांगायला हवं. मी सांगितलं होतं त्यांना, काकांना कळतं म्हणून."

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. तिसऱ्या घरानंतर तिचे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी तिची मशीनची पाळी होती, म्हणून मी तिला घरी पाठवलं आणि एकटा फिरलो. एका बाईने दार अर्धवट लोटलं आणि आतून म्हणाली, "कळलं, कळलं." एकाने विचारलं की सही परत मिळेल का. कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरावं घर त्या म्हाताऱ्याचं होतं, ज्याने हरकत कशाला असं विचारलं होतं. तो खाटेवर पडून होता. हातावर मशीनच्या सुयांचे डाग. मी सगळं सांगितलं, नोंद, मुदत, फेरविचार. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने सांगितलं. त्याने नीट ऐकलं.

"किती म्हणालात? पाचशे सव्वीस?"

"हो."

"पाचशे सव्वीस लोकांनी लिहून दिलं." तो कोपरावर उठून बसला. त्याने सुनेला हाक मारली. "ऐकलंस का, एवढ्या लोकांनी लिहिलंय. आता मशीन आणावंच लागेल त्यांना." मग माझा हात धरला. "तुम्ही फार केलंत हो आमच्यासाठी."

सून दारात उभी होती. तिला कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी काय बोलतो म्हणून.

मी खुर्ची त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला नेली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.