तीन जाळ्या

बाबांना दिवसभरात पाण्याची एक छोटी बाटली मिळायची. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून प्यायलेलं पाणी अंगातच साठत होतं. एक दिवसाआड डायलिसिस झालं की तेवढ्यापुरतं ते निघून जाई. माप चुकलं की पाणी फुप्फुसात उतरे आणि बसल्या जागी दम लागे. "तहान कमी लागेल असं बघा," डॉक्टरांनी थोरल्या लेकीला सांगितलं होतं. "उकाड्यापासून जपा त्यांना." सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. उकाड्यापासून कसं जपायचं, ते ज्याचं त्याने बघायचं होतं.

घर दूरच्या गावी होतं आणि डायलिसिसची सोय इथे. म्हणून बाबा, आई आणि थोरली लेक असे तिघे गाडीत राहत होते. नोकरी संपल्यावर बाबांनी ही जुनी, लांबलचक गाडी हौसेने घेतली होती. आत मागच्या टोकाला पलंग, मधे सोफा, पुढे शेगडी आणि बेसिन, आणि छतावर एसी. जन्मभर परक्या लोकांच्या सहलींच्या बस हाकल्या, आता आपल्या बायकोला जग दाखवायचं, असं त्यांनी योजलं होतं. एकच फेरी झाली. मग दुखणं आलं, आणि गाडी रुग्णालयाच्या मागच्या आवारात लाँड्रीच्या भिंतीला टेकून उभी राहिली ती राहिलीच. ताईने, म्हणजे थोरल्या लेकीने, त्याच लाँड्रीत चादरी इस्त्री करायचं काम धरलं. हाक मारली तर धावत येता येईल एवढंच तिने पाहिलं होतं.

लाँड्रीतून ओढलेल्या वायरवर एसी चालायचा, पण त्याचा गारवा पुढच्या पुढेच राहायचा. आई शेगडीपाशी शाल पांघरून बसे आणि मागे पलंगावर बाबा घामाने निथळत.

"एसी कसला, जावई आहे तो," बाबा म्हणत. "डोक्यावर बसवलाय, दिवसभर गुरगुरतो, आणि उपयोग काडीचा नाही."

"हळू बोला," आई म्हणायची. "ऐकेल आणि तेवढंही बंद करेल."

धाकटा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्रीज-एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. सुटीच्या दिवशी तो पेटी घेऊन आला. स्टुलावर चढून त्याने छताखालचं झाकण उतरवलं आणि आत हात घातला.

"काय सापडलं, इंजिनियरसाहेब?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

"फट सापडली. चांगली बोटभर आहे. गार हवा छतातल्या नळीत शिरायच्या आधीच हिच्यातून निसटते, आणि मशीन तीच पुन्हा ओढून घेतं. स्वतःचीच हवा गार करत बसलंय."

"म्हणजे आमच्या डेपोच्या साहेबासारखं. स्वतः बोलायचं, स्वतःच मान डोलवायची."

धाकटा हसला. त्याने जाड फोमचा तुकडा मापाने कापून गार हवा आणि परतीची हवा यांच्यामधे बसवला. नळीचा सुटलेला सांधा जागेवर आणला, चंदेरी पट्टीने घट्ट गुंडाळला. पट्टीची कड नखाने पुन्हा पुन्हा दाबत होता, जणू जखमेवरची पट्टी आहे. मशीनच्या गाळणीतली धूळ धुऊन काढली. मशीन सुरू केलं तेव्हा पलंगावर छताला असलेल्या वाऱ्याच्या जाळीपाशी धरलेला कागदाचा चिटोरा फडफडला. बाबांनी उशीवर मान टाकली, डोळे मिटले आणि तोंडावर वारा घेत कितीतरी वेळ पडून राहिले.

"पोचला रे," ते म्हणाले. "बस शेवटच्या थांब्यावर पोचली."

निघताना धाकट्याने छताकडे बोट दाखवलं. छताला तीन जाळ्या होत्या. पुढे आईच्या डोक्यावर एक, मधे ताईच्या सोफ्यावर एक, मागे बाबांच्या पलंगावर एक. "प्रत्येकीला ही झडप आहे. एखादी बंद केलीत तर चालेल. पण सगळ्या कोंडू नका. वाऱ्याला वाट मिळाली नाही की आत बर्फ धरतो. मग मशीन नुसतं आवाज करत राहील आणि वारा येणार नाही."

"कळलं रे," आई म्हणाली. "सगळ्या कशाला कोण बंद करतंय?"

त्या दिवसापासून बाबांची बाटली संध्याकाळपर्यंत पुरायला लागली. कधी तळाशी दोन घोट उरायचेही. ते उरलेले घोट बघून आई मनातल्या मनात हात जोडायची. देवाने मोठं काही दिलं नसेल, पण हे दिलं, असं तिला वाटे.

या माणसांची एक रीत होती. घरात सफरचंद कापलं तर शेवटची फोड या ताटातून त्या ताटात फिरायची आणि शेवटी काळी पडून टाकावी लागायची. "मला नको, तू घे" हे त्यांना श्वासासारखं अंगवळणी पडलं होतं. कुणी उघड देऊ केलं तर दुसरा घेत नसे, म्हणून जो तो आपल्या वाट्याचं गुपचूप दुसऱ्याकडे सारायला शिकला होता.

बाबांच्या पाण्यावर बंधन आलं त्या दिवशी आईने देवापाशी नेम केला होता. ते पितील तेवढंच आपण प्यायचं, आणि ते पितील तेव्हाच. तिने कुणाला सांगितलं नाही. पण एवढ्याशा गाडीत लपणार काय? बाबांच्या ते लक्षात आलं होतं. "अगं, तुझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. पी की पाणी," ते म्हणत. "प्यायले मघाशी," आई म्हणे, आणि बेसिनकडे तोंड फिरवी. तिचे ओठ फुटलेले त्यांना दिसायचे. शेगडीपाशी उभी असताना ती मधूनच कडेला धरून डोळे मिटते, तेही दिसायचं.

मग उन्हाने ताळ सोडला. गाडीचा पत्रा सकाळीच हाताला चटके देऊ लागला. लाँड्रीच्या भिंतीची सावली उरली नाही. ताई वॉर्डात खाट मागायला गेली, तर नर्स मवाळपणे म्हणाली, "अगं बाई, गारव्यासाठी खाट दिली तर अर्धं शहर येऊन झोपेल इथे." तिचंही खरंच होतं.

त्या सकाळी कामावर निघताना ताईने सोफ्यावरच्या जाळीची झडप फिरवून बंद केली. दिवसभर इथे कोण बसतंय, तेवढाच वारा बाबांना जाईल, असा विचार करून ती निघाली. एखादी बंद केलेली चालते, हे तिला ठाऊक होतं.

आईने भांडी आवरली, जप केला. मग बाबांचा डोळा लागला तशी स्टुलावर चढून तिने आपल्या डोक्यावरची जाळी बंद केली. मी काय, मला सवय आहे, एकीने काय होतंय, असं ती स्वतःशी पुटपुटली आणि पुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसली.

जाग आल्यावर बाबांनी मागून तिच्याकडे पाहिलं. तिची मान एका बाजूला कलली होती, चेहरा तापून लाल झाला होता. डायलिसिसच्या सुयांचा डावा हात त्यांना वर न्यायचा नव्हता. त्यांनी उजव्या हाताने काठी उचलली, काठीच्या वाकड्या मुठीने आपल्या जाळीची झडप ओढत ओढत मिटवली आणि आडवे झाले. आपला वारा आता हिच्याकडे जाईल, असं त्यांना वाटलं.

मशीन चालतच होतं. त्याची घरघर अजिबात बदलली नाही, म्हणून कुणालाच काही कळलं नाही.

भर दुपारी आई लाँड्रीच्या दारात आली. पायात चपला नव्हत्या. वाफेत तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. "अगं, वारा येत नाही," ती म्हणाली. "मशीन चालू आहे. मी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, तर बाहेरची आगच आत येते. तू चल."

ताईने इस्त्री तशीच टाकली.

बाबा पलंगावर ताठ बसले होते. झोपलं की गुदमरायला होत होतं. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत खळखळ होत होती. पलंगाखाली छोटी बाटली आडवी पडली होती आणि तिच्याशेजारी पाण्याचा मोठा जग रिकामा.

"मी दिलं," आई म्हणाली. "तान्ह्या पोरासारखे मागत होते गं. हात जोडत होते. मी किती वेळ नाही म्हणायचं?"

"दिलंस ते चांगलं केलंस," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

बाबांना स्ट्रेचरवरून आवार ओलांडून नेलं. यंत्राला जोडलं, तोंडावर मास्क बसवला. मधे त्यांनी मास्क बाजूला करून ताईला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. "आईला…" एवढंच तिला ऐकू आलं. नर्सने मास्क परत बसवला. नंतर तो कायमचा काढला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बाहेर बाकावर आईला कुणीतरी पाण्याचा पेला दिला होता. तो हातात धरून ती दाराकडे बघत होती.

धाकटा आला तेव्हा बाबांना शवागारात ठेवलं होतं. तो आत जाऊन बघून आला आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सकाळी निघू या," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या गाडीतूनच न्यायचं."

"आई, दिवसभराचा रस्ता आहे. या उन्हात…"

"म्हणूनच म्हणते. तुझं ते मशीन नीट कर."

तो उठला. झाकण उतरवलं आणि टॉर्च आत धरला. आतली कॉइल बर्फाने पांढरीफटक झाली होती. थेंब त्याच्या मनगटावर पडू लागले. ताईने खाली टोपलं धरलं.

"माझी पट्टी सुटली असणार," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "दुकानात शंभरदा केलेलं काम, आणि बापाच्या गाडीतच…" त्याने सांधा चाचपला. पट्टी जशीच्या तशी होती. फोम जागेवर होता. तो पुन्हा पुन्हा तिथेच बोटं फिरवत राहिला, चूक सापडलीच पाहिजे असा हट्ट धरल्यासारखा. "मीच केलं हे, ताई. मीच कुठेतरी…"

मग टॉर्चचा उजेड सहज वर गेला आणि पुढच्या जाळीवर थांबला. तिथून मधल्या जाळीवर. तिथून मागच्या.

"या सगळ्या कुणी बंद केल्या?"

टोपल्यात थेंब पडत होते. ताईच्या मनात आलं, आपण गप्प राहिलो तर हा जन्मभर त्या पट्टीवर बोटं फिरवत बसेल. बोललो तर आई काय करेल? ती तोंड उघडणार एवढ्यात आईच बोलली.

"पुढची मी केली. एकच केली रे. तू म्हणाला होतास, एखादी चालते."

"मधली मी केली, आई," ताई म्हणाली. "सकाळी जाताना. मीही एकच केली."

धाकटा पलंगापाशी गेला. मागच्या जाळीच्या कडेला काठीचे ताजे ओरखडे होते. तो तिथेच उभा राहिला. आई मागून आली, तिनेही ओरखडे पाहिले.

आईला आधी रडू आलं नाही, राग आला. रिकाम्या पलंगाकडे बघून ती म्हणाली, "मला विचारायचं तरी! मी मागितला होता का तुमचा वारा? इतकी वर्षं तेच. कधी एका शब्दाने विचारलं नाही." तिचा आवाज चढत गेला आणि मधेच तुटला. ती पलंगाच्या काठावर बसली. "मी तरी कुठे विचारलं," ती म्हणाली.

दोघं मुलं तिच्या दोन बाजूंना बसली. 'तुझी चूक नाही' असं म्हणायला गेलं तर ती चूक उरलेल्या दोघांच्या अंगावर जात होती, आणि तेवढं कुणालाही नको होतं.

बर्फ वितळायला वेळ लागला. धाकट्याने नुसता पंखा चालू ठेवला होता. टोपलं भरलं की ताई बाहेर रिकामं करून येई. मग त्याने एकेक झडप उघडली, आणि कागदाचा चिटोरा न धरताही कळलं की वारा येतोय.

पहाटे बाबांना आणून पलंगावर निजवलं. आई त्यांच्या उशाशी बसली. ताई सोफ्यावर बसली. धाकट्याने लाँड्रीची वायर काढून गाडीतला जनरेटर सुरू केला, एसी लावला आणि स्टिअरिंगपाशी जाऊन बसला. उजाडलं नव्हतं तरी काचेबाहेरची हवा कोमट होती. पुढे सगळा दिवस उन्हाचा होता.

त्याने आरशातून मागे पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "ही पुढची, माझ्या डोक्यावरची बंद करतो. मला काय, खिडकी उघडी आहे. मागे तेवढंच जास्त…"

बोलता बोलता त्याचा हात वर गेला होता.

"हात खाली घे," आई म्हणाली.

तिने हे ओरडून म्हटलं नव्हतं. नेहमीच्याच मऊ आवाजात म्हटलं होतं. धाकट्याचा हात तसाच वर राहिला, मग हळूच स्टिअरिंगवर आला. त्याने गियर टाकला, आणि गाडी लाँड्रीच्या भिंतीपासून सुटून आवाराच्या फाटकाकडे निघाली.