खालच्या पेटीतले अण्णा

वजन विचारलं की बायका चिडतात, आणि न विचारता वरपासून खालपर्यंत नुसतं पाहिलं की पुरुष चिडतात. मी विचारतही असे आणि पाहतही असे. त्यामुळे जत्रेच्या दिवसांत अख्ख्या अंधेरीत माझ्याइतक्या शिव्या कुणी खात नसे, आणि त्याचं मला काडीचंही वाटत नसे.

आमचा पाळणा लाकडी होता. माझ्या सासऱ्यांनी स्वतः बांधलेला, चार पेट्यांचा. दर वर्षी जानेवारीत आमच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, सण आला की गावठाणाबाहेरच्या कापलेल्या शेतात तो उभा राही. मोटर नाही, इंजिन नाही. माझा नवरा ॲम्ब्रोज, दीर विन्सेंट आणि गावातले आणखी दोघे तो हातांनी फिरवत. अशा पाळण्याची एकच गोम असते. समोरासमोरच्या पेट्यांत सारखं वजन हवं. सारखं असलं की पाळणा हलक्या हाताने फिरतो आणि थांबवाल तिथे थांबतो. कमीजास्त झालं की जड पेटी तळाला जाऊन बसते, हलकी वर जाऊन लटकते आणि फिरवणाऱ्यांच्या खांद्यांची वाट लागते.

म्हणून माणसं बसवायचं काम माझं. पुरुषांना ते जमत नाही, ते भिडस्त असतात. मी बेधडक सांगायची, "तुम्ही या पेटीत. तुमची बायको त्या पेटीत, वाण्याच्या शेजारी."

"अहो बाई, पण आम्ही एकत्र आलोय!"

"उतराल पण एकत्रच. बसा."

लोक कुरकुरत, पण बसत. कारण माझ्याशी हुज्जत घातली तर मी कारण मोठ्याने सांगेन, याची सगळ्यांना धास्ती. खरं सांगायचं तर पाळण्यात बसलेला माणूस मला फार आवडतो. खाली कितीही रुबाब करणारा असो, पेटी वर गेली की त्याचं तोंड पोरासारखं होतं. तेवढं बघायला मिळावं म्हणून मी शिव्या खायला तयार होते.

आणखी एक गोष्ट आमच्या जत्रेची. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की सगळं थांबायचं. भजीवाला झारा खाली ठेवायचा, फुगेवाला पिपाणी काढायचा तोंडातून, आणि आमचे चौघे पाळण्यावरचे हात काढून, टोप्या उतरवून प्रार्थना म्हणायचे. पाळणा असेल तिथे उभा. वर कुणी अडकलं तर अडकलं. गावातल्यांना ते ठाऊकच होतं, बाहेरून आलेल्यांना मात्र पहिल्यांदा घाम फुटायचा.

त्या वर्षी रविवारी घाटकोपरचं एक कुटुंब आणि मुलुंडचं एक कुटुंब पाळण्यासमोर "अरे वा, तुम्हीही इथे?" असं म्हणत भेटलं. आमच्या जत्रेला हिंदू मंडळी पुष्कळ येत, मेणबत्त्या लावत, नवस फेडत, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण सहज भेटणाऱ्या माणसांच्या कपड्यांना इतकी कडक इस्त्री नसते. मुलीकडून तिचे वडील, त्यांना अण्णा म्हणत होते. काळी टोपी, काळा कोट, आणि कोटाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. मुलाकडून त्याची आई मृणालिनीबाई, त्याही चांगल्या भरल्या अंगाच्या. मुलगा विद्याधर आणि मुलगी नीला, दोघंही काडीसारखी. मी मनात वजनं करून ठेवली. अण्णा मृणालिनीबाईंसमोर, मुलगा मुलीसमोर, असं काहीतरी जमलं असतं.

अण्णा मंडळींना माझ्या सासऱ्यांनी पाळणा कसा बांधला असेल ते समजावून सांगत होते. तेवढ्यात नीला रांग सोडून माझ्याजवळ आली.

"मावशी, आम्हा दोघांना एका पेटीत बसवाल?"

"वजन जमेल तसं बसवीन. इथे आवडीनिवडी चालत नाहीत."

"आणि ते माझ्या उजव्या हाताला बसतील असं करा."

आता मात्र मला राग आला. एक तर सवलत मागायची, वर डावं-उजवं! "का गं? उजव्या हाताला काय दिवे लागलेत?"

तिने मागे पाहिलं आणि खालच्या आवाजात भराभरा सांगितलं. लहानपणी गोवर झाला, डावा कान फुटला, त्या कानाने तिला काहीच ऐकू येत नाही. अण्णांनी हे मुलाकडे सांगितलेलं नव्हतं. घरी पाहायला आले तेव्हा मुद्दाम तिला भिंतीला डावा कान करून बसवलं होतं. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटणार होती.

"मग फुटू दे की. लग्न झाल्यावर कळेल त्याला." मी तिची परीक्षाच पाहत होते.

"लग्न झाल्यावर कळलं तर ते आयुष्यभर म्हणतील, फसवलं. मला आज सांगायचंय मावशी. पण अण्णा आम्हाला एक मिनिट एकटं सोडत नाहीत. नाही म्हणाले तर म्हणू देत."

हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज हलला. तिला तो मुलगा आवडला होता, हे न कळायला मी काही पाळण्याचा खांब नव्हते. मला ती मुलगी एकदम पसंत पडली. माझी असती तर मी तिला तिथेच कडेवर घेतली असती.

तेवढ्यात अण्णा आलेच. "नीला! एकटी कुठे हिंडतेस? हं, बाई, असं करा. मुलं एका पेटीत आणि त्यांच्यासमोर मी बसतो, त्याच पेटीत. लक्ष राहील."

मी देवळाकडे पाहिलं. घंटा वाजवणारा म्हातारा विहिरीवर पाय धुऊन निघाला होता. तो पावलागणिक थांबतो, वाटेत चार जणांशी बोलतो. म्हणजे एक फेरी भरायला पुरेसा वेळ होता.

"जमत नाही," मी म्हटलं. "तुम्ही आणि या बाई एका पेटीत. त्याच्या बरोब्बर समोरच्या पेटीत ही दोघं. मग वजन जमतं."

असं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. दोन गोण्यांसमोर दोन छत्र्या ठेवल्या तर वजन जमतं का, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण अण्णांनी मान डोलावली. "शास्त्र आहे ते," असं मृणालिनीबाईंना सांगितलं, आणि विहीणबाई विहीणबाई करत त्यांना हात धरून पेटीत चढवलं. उरलेल्या दोन पेट्यांत मी गावचीच सारख्या अंगाची माणसं भरली. नीलाला डावीकडे बसवलं, विद्याधरला उजवीकडे. तो म्हणाला, "मी या बाजूला बसलो तर चालेल?" मी म्हटलं, "नाही चालणार." तो गुपचूप बसला. मुलगा बरा वाटला.

विन्सेंटने पेटीला हात घातला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "वैनी, काय बसवलंस हे?"

"जोर लाव आणि गप राहा."

चौघांनी दात-ओठ खाऊन पाळणा सुरू केला. एक फेरा, दुसरा फेरा. अण्णांची पेटी खाली येताना चौघं बाजूला उड्या मारत आणि वर चढवताना लोंबकळत. ॲम्ब्रोज माझ्याकडे असा बघत होता की घरी गेल्यावर माझी धडगत नाही. आणि घंटा झाली.

चौघांनी हात काढले, टोप्या काढल्या. पाळणा एकदा पुढे झुलला, एकदा मागे झुलला, आणि अण्णांची पेटी अलगद तळाला येऊन थांबली. नीला आणि विद्याधर थेट टोकाला, सगळ्या जत्रेच्या वर. मला डोळे मिटायला हवे होते, पण मी एक उघडा ठेवला.

"काय झालं? का थांबवलं?" अण्णा ओरडले.

"प्रार्थना आहे, शांत राहा," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

अण्णा भल्या घरचे, प्रार्थना म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. पण डोकं वर करकरून मुलीला शोधत होते. पेटीच्या फळीशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. शेवटी राहवेना. "नीला! जास्त बोलू नकोस! वारं लागेल घशाला!"

प्रार्थना ती केवढी! बघता बघता संपत आली. मी वर पाहिलं तर दोघं आपली गप्प, समोर बघत बसलेली. मुलीचा धीर झाला नव्हता. आता चौघं टोप्या घालणार, पाळणा फिरणार, आणि ती पोर सांगायचं ते पोटातच ठेवून बोहल्यावर चढणार.

आमच्यात प्रार्थनेनंतर घरच्या मेलेल्यांसाठी आणखी एक म्हणायची पद्धत आहे, कुणाला वाटलं तर. मला वाटलं. मी मोठ्याने सुरू केलं. सासऱ्यांसाठी एक. सासूबाईंसाठी एक. माझ्या आईसाठी, बापासाठी, सासूच्या बहिणीसाठी. मेलेले संपले तेव्हा मी लॉरेन्सकाकाचं नाव घेतलं.

विन्सेंटने डोळे उघडले. "वैनी, लॉरेन्सकाका कधी गेला?"

"गप रे."

"अगं, सकाळी भेटला मला वसईच्या गाडीत!"

ॲम्ब्रोजनेही डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. वर आता नीला बोलत होती. हात हलवत, कानाला हात लावत, थांबत आणि पुन्हा बोलत. तो मुलगा तिच्याकडे बघत होता, पण त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. ॲम्ब्रोजने टोपी घातली आणि म्हणाला, "विन्सेंट, पाळण्याच्या कण्याला तेल घाल."

"सकाळीच घातलं की."

"परत घाल."

या एका वाक्यासाठी मी माझ्या नवऱ्याचे उरलेले सगळे गुन्हे माफ केले.

वर काय चाललंय ते अण्णांना आता कळून चुकलं होतं. त्यांनी पेटीचा आडवा दांडा धरला. "बाई, मला उतरवा. आम्ही तळाशीच आहोत, पाय टेकतील इतके."

"उतरा की," मी म्हटलं. "तुम्ही उतरलात की हे टोक हलकं झालं. मग वरची दोघं दगडासारखी खाली येतील."

हे मात्र खरं होतं. अण्णा दांडा सोडून मागे टेकले. जमिनीपासून हातभर वर, पण उतरता येत नाही. मृणालिनीबाई मजेत शेंगा सोलत होत्या. त्यांनी अण्णांच्या हातावर दोन ठेवल्या. "बोलू द्या हो पोरांना. एवढं काय घाबरताय?"

अण्णांनी शेंगा खाल्ल्या नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. तेव्हा मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. मुलीवर जीव होता म्हणूनच लपवलं होतं ना त्यांनी. ते हळूच म्हणाले, "विहीणबाई..." आणि शेंगा मुठीत घट्ट धरल्या.

तेल घालून झालं. चौघांनी झोके देऊन देऊन पाळणा हलवला, बाजूच्या पेट्या आधी रिकाम्या केल्या, मग दोघांनी अण्णांच्या पेटीला खालून खांदा दिला आणि दोघांनी वरची पेटी दोराने ओढून खाली आणली. विद्याधर आधी उतरला. चेहऱ्यावर काही नाही, कोरा. नीला उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी तिला विचारायला तोंड उघडलं, तर मागच्या रांगेने धक्का दिला आणि ती दोघं पुढे ढकलली गेली. मला तेवढंच कळलं की सांगून झालंय. तो काय म्हणाला, ते कळायला मार्ग नव्हता.

अण्णा उतरून माझ्या शेजारीच उभे राहिले. तेही तिकडेच बघत होते. मृणालिनीबाई पदराला लागलेली टरफलं झटकत होत्या.

गर्दीत विद्याधर नीलाच्या डाव्या बाजूला आला होता. उसाच्या गाड्यापाशी तो थांबला आणि तिला काहीतरी विचारलं. ती तशीच पुढे बघत चालत राहिली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

विद्याधर भराभर तिला गाठायला निघाला. मग तिच्या मागून वळसा घालून, फुगेवाल्याला बाजूला सारून, तो तिच्या उजव्या हाताला आला आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागला.

"अरे, इकडून तिकडे काय फिरतोस?" त्याची आई मागून ओरडली.

"मला या बाजूने बरं पडतं, आई," तो म्हणाला.

मी अण्णांना कोपराने ढोसलं. "डोळे उघडा हो. उघडा आणि बघा."

"रस घेणार का?" विद्याधरने पुन्हा विचारलं.

"आलं घालून," नीला म्हणाली.